मोठ्या मोटारीची चाके

बदलीचा हुकूम हाती पडला की नव्या गावाविषयी मनुष्य दोनच चौकशा करतो. घरभाडे किती, आणि तेथे आपली माणसे आहेत किंवा नाहीत. रायपूरच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला लगेच मिळाले. महाराष्ट्र मंडळाची वास्तू चौबे कॉलोनीत आहे, तेव्हा घरही त्याच वसाहतीत पाहावे, असा सल्ला कचेरीतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी दिला. तो मी मानला आणि आजवर मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून या छत्तीसगड प्रांतात मराठी माणसे येत राहिली. कोणी शिलेदार म्हणून आले, कोणी कारकून म्हणून, कोणी पुढे रेल्वेबरोबर आले. माझ्यासारखे केंद्र सरकारचे कारकून हे त्या मालिकेतील अगदी अलीकडचे आणि अगदी किरकोळ प्रवासी होत.

माझ्या बिऱ्हाडापासून चार घरांवर एक जुना बंगला आहे. त्याच्या ओसरीलगतच्या पडवीत, ताडपत्रीखाली, एक प्रचंड मोटार गेली नऊ वर्षे विटांच्या चार थरांवर उभी होती. तिची चाके काढून भिंतीशी ओळीने टेकवून ठेवलेली होती. बंगल्याचे मालक ऐंशीच्या घरातले आहेत आणि सारी वसाहत त्यांना काका म्हणते. मीही काकाच म्हणतो. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावणे धाडले. ‘तुम्ही कायद्याची पुस्तके वाचता, इतिहासात पदवी घेतली आहे असेही ऐकतो. आमच्या घरात चाकांवरून भांडण लागले आहे. या आणि काय खरे ते सांगा.’ हा लेख म्हणजे त्या भांडणाच्या निमित्ताने दोन महिने केलेल्या वाचनाची व चौकशीची हकीकत होय. विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु चाकाचा इतिहास ज्याने थोडा उकरून पाहिला, तो त्यास क्षुल्लक म्हणणार नाही.

प्रथम भांडण काय ते सांगितले पाहिजे. मोटार डॉज किंग्जवे जातीची. काकांचे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्याची उभारणी चालू असताना तेथे ठेकेदारी करीत. १९५८ साली त्यांनी ती नागपुरात दुसऱ्या हाताने विकत घेतली. वडिलांमागे ती काकांकडे आली. काकांना मूलबाळ नाही. पुण्यास असलेला पुतण्या गाडी घेऊन जावयास तयार आहे, पण त्याची एक अट आहे. त्याला तिची जुनी लोखंडी चाके नकोत. अठरा इंची, चकचकीत, मिश्रधातूची नवी चाके आणि रुंद, बसके टायर बसवूनच तो ती पुण्याच्या रस्त्यावर काढणार. काकांचे म्हणणे असे की, चाके बदलली म्हणजे गाडी बदलली. पुतण्याचे म्हणणे असे की, जुन्या चाकांनीच काकांचा घात केला होता. आणि या दुसऱ्या म्हणण्यात दुर्दैवाने तथ्य होते. नऊ वर्षांपूर्वी दुर्गहून परतताना, कुम्हारी मागे टाकून खारून नदीचा पूल जवळ येत असता पुढचा टायर फुटला, गाडी कडेच्या झाडावर गेली, आणि काकांचा उजवा हात खांद्याशी मोडला. शेजारी काकू होत्या. त्या वाचल्या, पण पुन्हा त्या गाडीत बसल्या नाहीत, आणि दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्या दिवसापासून गाडी विटांवर.

आता चाकाकडे वळू. आपल्या भाषेत चाकाच्या प्रत्येक अवयवाला नाव आहे, यावरून त्याच्याशी आपला संबंध किती जुना आहे हे कळते. संस्कृतात मधल्या भागास नाभि, काड्यांस अर आणि कडेस नेमि म्हणत. मराठी सुताराने त्यांचे तुंबा, आरे आणि पाटे केले. या लाकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी चढवितो तिचे नाव धाव. हा शब्द मला फार आवडतो, कारण जे जमिनीवर प्रत्यक्ष धावते ते तेवढेच. धावेचा घेर लाकडी चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवतात. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल होईतो तापवितात, तापून ती फुगली की चिमट्यांनी धरून चाकावर चढवितात आणि लागलीच पाणी ओततात. थंड होताना ती आवळते आणि पाटे, आरे व तुंबा यांना एकत्र जखडते. खिळा नाही, डिंक नाही. केवळ लोखंडाच्या आकुंचनावर सारे चाक उभे. उन्हाळ्यात लाकूड आटले व आरे खुळखुळू लागले म्हणजे गाडीवान गाडी ओढ्यात उभी करतो. लाकूड पाणी पिऊन फुगते व चाक पुन्हा घट्ट होते. छत्तीसगडात भाताच्या गाड्या ओढणारी चाके याच रीतीने पिढ्यान्‌पिढ्या होत आली.

तोफेचा गाडा ओढणारे चाक हे याचेच थोरले भावंड. युरोपात एकोणिसाव्या शतकात तोफखान्याची चाके अधिक मजबूत करण्यात आली, आणि शतकाच्या अखेरीस मोटार निघाली तेव्हा तिला तीच चाके लावली गेली. म्हणून मोटारीच्या जाड आऱ्यांच्या लाकडी चाकांस ‘आर्टिलरी’ चाके, म्हणजे तोफखाना चाके, हे नाव पडले. प्रारंभीच्या रोल्स-रॉइसलाही तीच होती. परंतु हिंदुस्थानच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आटण्याचा जो त्रास बैलगाडीस, तोच या राजेशाही गाडीसही. आणि मोटार काही ओढ्यात उभी करता येत नाही.

यावर तोड होती तारेच्या चाकाची. इंग्लंडातील जॉर्ज केली या कल्पक गृहस्थाने १८०८ साली विमानाचे प्रयोग करताना हलके चाक हवे म्हणून ताणलेल्या दोऱ्यांचे चाक कल्पिले. त्यातील तत्त्व लाकडी चाकाच्या नेमके उलट आहे. लाकडी चाकात भार खालच्या आऱ्यावर पडतो व तो आरा दाबला जातो. तारेच्या चाकात तारा आधीच ताणून बसविलेल्या असतात, आणि तुंबा जणू वरच्या तारांना लोंबकळतो. सायकलीने हे चाक घरोघर नेले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रज-व्हिटवर्थ या सायकलीच्या इंग्रजी कारखान्याने मोटारीसाठी मधल्या एकाच मोठ्या चाकीने घट्ट होणारे, झटपट काढता येणारे तारेचे चाक तयार केले. शर्यतींत व श्रीमंतांच्या गाड्यांत ते रूढ झाले.

धावेच्या जागी रबर कसे आले, ही कथाही मोठी आहे. चार्ल्स गुडइयर या अमेरिकनाने १८३९ साली गंधकासह रबर तापवून ते टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. १८४५ साली रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश तरुणाने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. पण त्या काळी ना सायकल होती ना मोटार, आणि घोडागाडीवाल्यांना लोखंडी धावेचा खडखडाट सोसण्याची सवय होती. शोध विस्मृतीत गेला. १८८८ साली बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तोच शोध नव्याने लावला आणि त्याचे नाव जगभर झाले. टॉमसनचे जुने पेटंट उघडकीस आल्यावर डनलपचे पेटंट रद्द ठरले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १८९५ साली पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार प्रथम उतरविली. तिचे टायर वाटेत वारंवार निकामी झाले, पण मोटार पुढे रबरी हवेवरच धावणार, हे त्याच शर्यतीने ठरविले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती काकांच्या घरातील वादात उपयोगी पडली. सुरुवातीचे टायर काळे नसत. रबर मुळात फिकट रंगाचे, त्यात जस्ताची पांढरी पूड मिसळीत. काजळी मिसळल्याने रबराची झीज कितीतरी कमी होते, हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सर्वत्र पटले आणि टायर काळा झाला. पांढऱ्या कडेचा टायर हा त्या संक्रमणकाळाचा वारसा. जमिनीला लागणारा भाग काळा, बाजू पांढरी. जी गोष्ट काटकसरीतून निघाली ती पुढे श्रीमंतीची खूण झाली. इतिहासात असे पुष्कळदा घडते.

मोठ्या मोटारीची निवड करणाऱ्यांत आपले मराठी संस्थानिक मागे नव्हते. त्या काळी धनवान गिऱ्हाईक एका कारखान्याकडून यंत्र, सांगाडा व चाके घेई, आणि वरचा साज दुसऱ्या कारागिराकडून आपल्या पसंतीने चढवून घेई. इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर (१९०८-१९६१) यांनी अमेरिकेतील ड्यूसनबर्ग कारखान्याचा १५३ इंचांहून अधिक लांब चाकांतराचा सांगाडा घेऊन त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून दोन आसनांची गाडी बांधून घेतली. काळा आणि केशरी असे तिचे रंग. आठ नळकांड्यांचे जवळजवळ सात लिटरचे तिचे यंत्र ३२० अश्वशक्तीचे म्हणून कारखाना सांगे. त्या जातीच्या गाड्यांना प्रारंभी एकोणीस इंची व पुढे सतरा इंची तारेची चाके येत. गाडी ठेंगणी व लांब दिसावी ही हौस तेव्हाही होती, एवढे त्यावरून दिसते. कोल्हापूरच्या राजघराण्याची जुनी मायबाख मोटार तर दसऱ्याच्या सोहळ्यासाठी दसरा चौकात येते आणि हजारो लोक तिचे दर्शन घेतात. हौशी पुतण्याला मी ही उदाहरणे दिली तेव्हा तो म्हणाला, ‘पाहा, राजेही आपल्या पसंतीची गाडी बांधून घेत होते. मग मी चाके बदलली तर काय बिघडले?’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मला लगेच सुचले नाही.

काकांची डॉज काही संस्थानिकाची नव्हे. पण तिचा जन्म मराठी मुलखातला, आणि मला तो भाग होळकरांच्या केशरी गाडीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनी परकीय सरकारच्या नाखुशीला तोंड देत जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत हात घातला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आदी गाड्या बाहेर पडू लागल्या. प्रथम सुटे भाग आणून जोडणी, मग एकेक भाग येथेच करणे, असा तो क्रम होता. मुंबईत गाड्या जोडणाऱ्या अमेरिकन कंपन्या सरकारच्या नव्या धोरणानंतर १९५४ च्या सुमारास निघून गेल्या. कुर्ल्याचा कारखाना राहिला. आज तेथे मोटारी होत नाहीत, पण काकांची गाडी त्या हिमतीच्या काळाची साक्ष आहे. टायरांच्या बाबतीतही तसेच. डनलपचा कारखाना १९३६ साली बंगालमध्ये सहागंज येथे उभा राहिला, आणि १९५८ साली मुंबईत सिएट कंपनी निघाली. परदेशी टायर मिळणे कठीण आणि देशी टायर अपुरे, अशा त्या वर्षांत टायरावर पुन्हा रबर चढवून तो दोनदा, तीनदा वापरणे हा मध्यमवर्गाचा नित्याचा परिपाठ होता.

युद्धानंतरच्या या गाड्यांची चाके दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याची होती. स्वस्त, मजबूत, आणि बिघडली तर गावातल्या लोहारासही सरळ करता येण्याजोगी. पंधरा इंच व्यास, साडेचार इंच रुंदीची कड, आणि त्यावर ६.७०-१५ मापाचा टायर. म्हणजे टायराची रुंदी सुमारे पावणेसात इंच आणि कडेचा व्यास पंधरा इंच. मिश्रधातूचे चाक काही तेव्हा अज्ञात नव्हते. बुगाती या फ्रेंच कारखान्याने १९२४ सालीच आपल्या शर्यतीच्या गाडीस ओतीव अॅल्युमिनियमची चाके लावली होती. परंतु हौस म्हणून सामान्य माणसाने चाके बदलण्याचा शौक अमेरिकेत १९६० नंतर फोफावला. १९६३-६४ च्या सुमारास तेथे निघालेली काही चाके आजही त्याच नावांनी विकली जातात.

इतका इतिहास काकांच्या ओसरीवर सांगून झाल्यावर आम्ही व्यवहाराकडे वळलो. पुतण्या त्यासाठी दोन दिवसांची रजा काढून आला होता. गुढियारीकडचे एक वृद्ध मिस्त्री, ज्यांनी ही गाडी चाळीस वर्षे हाताळली, तेही येऊन बसले. माप घेतले. चाक पाच बोल्टांचे, आणि ते बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. पुतण्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, कारण आजच्या कित्येक गाड्यांचे तेच माप आहे. ‘म्हणजे नवी चाके बसतात!’

‘बसतात आणि चालतात यांत फरक आहे, भैया,’ मिस्त्री म्हणाले. त्यांनी दाखविलेल्या गोष्टी मी क्रमाने टिपून घेतल्या.

पहिली अशी की, क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक फिरताना बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून ही योजना. ज्याला हे माहीत नाही तो बोल्ट सोडविण्याऐवजी आवळीत बसतो आणि अखेरीस तोडतो. दुसरी अशी की, नव्या चाकांत बोल्टांचा चौथा बाहेरच्या बाजूस असतो, त्यामुळे चाकाचा बहुतेक भाग आत, सांगाड्याच्या बाजूस जातो. जुन्या गाडीत आत तितकी जागा नाही. सुकाणूचे दांडे व ब्रेकचे मोठे डबे तेथेच आहेत. मध्ये जाड चकत्या घालून चाक बाहेर ओढता येते, पण मग बेअरिंगवर व बोल्टांवर ताण पडतो, आणि या गाडीच्या सुकाणूला कसलीही यांत्रिक मदत नाही. मोडलेल्या खांद्याने ते फिरविणे कसे जमावे?

तिसरी गोष्ट गणिताची होती, ती मी केली. जुन्या टायरासह चाकाचा पूर्ण व्यास सुमारे साडेसत्तावीस इंच भरतो. पुतण्याने पसंत केलेले माप २३५/४०-१८ असे होते. म्हणजे टायराची रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या शेकडा ४०, म्हणजे ९४ मिलिमीटर, आणि कड अठरा इंची. ९४ ची दुप्पट १८८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७.४ इंच. त्यात अठरा मिळविले की २५.४ इंच. चाक दिसावयास मोठे, पण प्रत्यक्षात दोन इंच लहान! गाडीचे पोट जमिनीकडे एक इंच उतरणार, आणि वेगदर्शक काटा साठ दाखवील तेव्हा गाडी पंचावन्नाच्या आसपासच धावत असेल. शिवाय खड्ड्याचा धक्का जी हवेची जाड गादी गिळीत होती ती नाहीशी होऊन तो धक्का सत्तर वर्षांच्या कमानींवर व सांगाड्यावर जाणार.

पुतण्याने मग मधला मार्ग सुचविला. लोखंडी चाके तीच ठेवावीत, टायर मात्र आजच्या रेडियल पद्धतीचे घ्यावेत. ही सूचना विचार करण्याजोगी होती. मिशेलिनने १९४६ साली पेटंट घेऊन १९४९ पासून बाजारात आणलेला हा टायर भारतात १९७७ पासून होऊ लागला, आणि आज मोटारींना दुसरा टायर क्वचितच दिसतो. त्याच्या बाजू लवचीक असतात, त्यामुळे तो वळणावर रस्त्याला अधिक चिकटून राहतो. पण जवळचे माप २०५/७५-१५ येते, आणि त्या टायरास निदान पाच इंच रुंदीची कड लागते. आपली कड साडेचार इंचांची. अरुंद कडेवर रुंद टायर बसविणे म्हणजे तंग जोड्यात पाय कोंबणे. ते चालते, पण पाय दुखतो, आणि येथे पाय दुखणे म्हणजे वळणावर टायर लडबडणे.

आता प्रश्न उरला तो अपघाताचा. पुतण्याचा सारा राग त्यावरच होता, आणि मला त्याचे म्हणणे झटकून टाकणे बरोबर वाटेना. मी भिंतीशी टेकविलेला तो फुटका टायर उजेडात आणविला. नक्षी जवळजवळ नवी होती. काका म्हणाले, ‘फुटला तेव्हा फार चाललेला नव्हता हो. वर्षाकाठी तीनचारशे मैल गाडी निघे.’ टायराच्या बाजूला अगदी बारीक चिरा होत्या, भेगाळलेल्या शेतासारख्या. टायरावर कारखान्याचा आठवडा व वर्ष चार अंकांत छापण्याची रीत आहे. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या टायरावर तीनच अंक होते, आणि तीन अंकांची खूण २००० सालापूर्वीची. म्हणजे फुटला तेव्हा तो निदान पंधरासोळा वर्षांचा होता. नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षांनंतर टायर ठेवू नये, असे मोठे कारखानदार स्वतःच सांगतात, कारण रबर वापराने झिजते तसे नुसत्या काळानेही मरते.

कोणी काही बोलेना. मिस्त्रींनी मान खाली घातली. काका बराच वेळ त्या अंकांवरून अंगठा फिरवीत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे चाकांनी घात केला नाही. मीच केला. नक्षी पाहून समाधान मानले.’ पुतण्या उठला आणि त्यांच्या पायांशी जाऊन बसला. ‘कोणालाच ठाऊक नव्हते, काका,’ एवढेच तो म्हणाला.

कायद्याचा भाग मी दुसऱ्या दिवशी सांगितला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे की, नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ वर्णनाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी निराळे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, आणि सांगाडा, बाह्यांग किंवा यंत्र यांत भरीव फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, पुढील नोंदणीस पाच हजार. मुदत दहा वर्षे. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, संमेलन, दुरुस्ती व तेल भरणे अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. नियमात चाकांचा वेगळा उल्लेख नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. पण नव्या चाकांसाठी सांगाड्यापाशी कापाकाप करावी लागली, तर गोष्ट नियमाच्या कक्षेत येते. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा ठिकाणी परीक्षक गाडीचा अस्सलपणा पाहतात, आणि चाके सर्वांच्या नजरेस आधी पडतात.

‘ठीक,’ पुतण्या म्हणाला, ‘अस्सलच करू. पण मग पांढऱ्या कडेचे टायर घेऊ. त्या काळच्या गाड्यांना तेच असत.’

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुरावा मागितला पाहिजे. काकांनी कपाटातून एक छायाचित्र काढले. १९६१ साल, बंगल्यासमोर गाडी, बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले त्यांचे वडील, पायरीवर काकू, नुकत्या लग्न होऊन आलेल्या. आम्ही ते भिंगाखाली पाहिले. टायर चारही काळे. काका हसले. ‘दादांना पांढरी कड नको असे. रायपूरच्या लाल धुळीत ती दोन दिवस टिकेल, म्हणत.’ इतकेच नव्हे, तर पुढच्या आणि मागच्या टायरांची नक्षी निरनिराळी दिसत होती. मिस्त्रींनी पाहताक्षणी ओळखले की मागचा टायर पुन्हा रबर चढविलेला आहे. म्हणजे ज्या अस्सल गाडीसाठी आम्ही भांडत होतो ती १९६१ सालीही कारखान्यातून निघाली तशी राहिली नव्हती. टंचाईच्या काळात जे मिळाले ते लावून ती चालविली गेली होती.

तेव्हा मला पुतण्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुचले. होळकरांनी गाडी आपल्या पसंतीने बांधून घेतली, ती नवी होती म्हणून. ती पसंती हाच आता तिचा इतिहास. कुर्ल्याच्या या डॉजचा इतिहास निराळा आहे. ती काटकसरीने, दुरुस्तीने, एका ठेकेदाराच्या व एका मिस्त्रीच्या हिशेबाने चाललेली गाडी आहे. तिला जपावयाचे तर तो हिशेब जपावा. पांढरी कडही त्यात बसत नाही आणि अठरा इंची चाकही. मात्र पुन्हा रबर चढविलेला किंवा मुदत संपलेला टायर तेवढा इतिहासातच राहू द्यावा. जपणूक म्हणजे जुना धोका जपणे नव्हे.

निर्णय असा झाला. पाचही लोखंडी चाके, सुटे चाक धरून, मिस्त्रींनी घासून, सरळ करून, तडे आहेत की नाहीत ते पाहून घ्यावीत. एका चाकात बोल्टाच्या भोकापासून निघालेली बारीक चीर सापडली. ते चाक बाद केले आणि नागपूरच्या भंगारबाजारातून त्याच मापाचे दुसरे आणविले. टायर ६.७०-१५ याच मापाचे, जुन्या आडव्या-तिरप्या धाग्यांच्या बांधणीचे, आत नळीसह. असे टायर जुन्या गाड्यांसाठी आजही नव्याने तयार होतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातील चट्टानुगा येथील कोकर ही कंपनी १९५८ पासून याच कामात आहे. दर टायराची तारीख पाहून, ती गाडीच्या कागदांत लिहून ठेवावी. खर्च पुतण्याने केला. मिश्रधातूच्या चाकांसाठी बाजूस ठेवलेल्या रकमेत तो भागला आणि थोडे पैसे उरले. काकांनी ते मिस्त्रींना दिले.

मार्चच्या एका सकाळी गाडी विटांवरून उतरविली. डाव्या बाजूचे बोल्ट मिस्त्रींनी स्वतः आवळले, उलटे. पुतण्या सुकाणूपाशी बसला, काका शेजारी, मागे मी. ग्रेट ईस्टर्न रस्त्याने आमापारा, आझाद चौक असा फेरा घेऊन आम्ही परत आलो. वेग पंचवीस मैलांवर गेला नाही. सुकाणू जड होते आणि गाडी जुन्या टायरांच्या सवयीप्रमाणे रस्त्याच्या चरांमागे किंचित ओढली जात होती. पुतण्याने दोन-तीनदा हात घट्ट केले आणि मग त्याला ते कळले. काका एकदाच बोलले. वळणावर त्यांचा डावा हात आपोआप पुढे टेकला आणि ते म्हणाले, ‘हळू. तुझी काकू येथे नेहमी हळू म्हणत असे.’

बंगल्याशी आल्यावर त्यांनी खिशातून डायरी काढून पाचही टायरांचे चार-चार अंक माझ्याकडून वाचून घेतले आणि आपल्या अक्षरात लिहिले. खाली एक ओळ लिहून त्यांनी डायरी पुतण्याच्या हाती दिली. ती ओळ अशी होती की, नक्षी कशीही असो, दहाव्या वर्षी हे बदलावेत.